रीसेल फ्लॅटला ऑफर किती द्यावी आणि कशी मांडावी?

उंबरठा

पुण्यात कोथरूडला २००३ सालच्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तिसरा मजला, लिफ्ट, एक झाकलेलं पार्किंग. कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ६४० चौरस फूट सांगतात. मालकांची अपेक्षा १ कोटी ५ लाख. एजंट म्हणतो, "आकडा सांगा, मग बसून बोलू."

पहिला आकडा कुठून आणायचा? किती खालून सुरुवात केली तर मालक दुखावत नाहीत? ऑफर तोंडी द्यायची की लिहून? आणि टोकन देताना कागदावर काय काय हवं? पुण्याबाहेरच्यांनीही लिहा, इतरांनाही धागा उपयोगी पडेल.

मोजपट्टी

मालकांच्या १ कोटी ५ लाखांवरून खाली येऊ नका. नोंदलेल्या दस्तांवरून वर जा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची विनामूल्य सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडून मिळकत क्रमांक टाकायचा. तो मालकांच्या करारनाम्यात मिळकतीच्या वर्णनात असतो, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर. क्रमांक ४२/३अ असा असेल तर आधी नुसतं ४२ टाकून बघा, कारण हिस्सा प्रत्येक दस्तात वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. वर्ष एकेकच शोधता येतं, म्हणून चालू आणि मागची दोन वर्षं स्वतंत्रपणे बघा. यादीत भाडेकरारच ढीगभर येतील, ते सोडून विक्रीचे दस्त उघडा.

जे पान उघडतं ती सूची क्रमांक दोन, म्हणजेच आपलं इंडेक्स टू. रकाना २ मध्ये मोबदला, ३ मध्ये बाजारभाव (सरकारी मूल्यांकन), ४ मध्ये फ्लॅट नंबर, मजला, पार्किंग, ५ मध्ये क्षेत्रफळ, ९ मध्ये दस्त करून दिल्याचा दिनांक. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. ते कार्पेट की बिल्टअप (भिंतींसकटचं क्षेत्र) हे रकाना ४ आणि ५ नीट वाचून ठरवा. इथे चूक झाली तर दरात २० टक्क्यांची गफलत होते.

त्याच सोसायटीतले तीनचार व्यवहार मिळाले की प्रति चौरस फूट कार्पेटचा दर काढा. मग पार्किंग, मजला, रस्त्याकडची बाजू यांचा फरक धरा. हा तुमचा पाया.

गच्ची

@मोजपट्टी, पद्धत बरोबर आहे, पण दस्तातला मोबदला सगळीकडे खरा असतो का? काही रोख हातात देऊन दस्त कमी रकमेचा करतात. मग हा दर फसवा निघेल.

मोजपट्टी

शंका रास्त. रकाना २ आणि ३ शेजारी ठेवून वाचा. मोबदला सरकारी मूल्यांकनाला अगदी चिकटून असेल, आणि त्याच वर्षी त्याच इमारतीतला दुसरा दस्त त्याहून १५-२० टक्के वरचा असेल, तर पहिला बाजूला ठेवा. कर्ज काढून झालेले व्यवहार जास्त विश्वासाचे, कारण कर्जासाठी दस्त पूर्ण रकमेचा करावा लागतो. त्याच फ्लॅटवर विक्रीच्या सुमारास बँकेच्या गहाणाची सूचना ('नोटीस ऑफ इंटिमेशन') नोंदलेली दिसली की कर्जाचा व्यवहार ओळखावा.

त्याच शोधात तुमच्या फ्लॅटवर अशी नोंद आहे का, तेही कळतं. दाव्याची नोंद ('लिस पेंडन्स') असेल तर तीही दिसेल. ती दिसली तर वकिलाने कागद बघेपर्यंत ऑफरच देऊ नका.

मुद्रांक

रोखीचं निघालंच आहे तर स्पष्ट लिहिते. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होतो. टोकनही त्यात आलं. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं: जे दस्तात नाही ते पुढे विकताना खरेदी किंमत म्हणून धरता येत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर परत मागायला पुरावा नाही.

दुसरी बाजूही बघा. खूप कमी किमतीत घर मिळालं म्हणून आनंद होतो, पण रेडी रेकनरचं मूल्य (सरकारी दरतक्त्याने येणारं मूल्यांकन) मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. धरा, रेकनरने १ कोटी २ लाख आणि ऑफर ९२ लाख. फरक १० लाख, आणि ९२ चे १० टक्के ९.२ लाख. म्हणजे पूर्ण १० लाखांवर कर. शिवाय मुद्रांक शुल्कही १ कोटी २ लाखांवरच. म्हणून ऑफरच्या आधी रेकनर काढायचं. जुन्या इमारतीला वयाप्रमाणे घसारा मिळतो, तो हिशेबात धरायला विसरू नका.

पागोळी

माझं मत सरळ आहे. मागितल्याच्या १५ टक्के खाली सुरुवात करावी, मधे कुठेतरी जुळतं. १ कोटी ५ लाखांना ९० म्हणा.

ठाणेकरीण

@पागोळी, असहमत. टक्का मागितलेल्या आकड्यावर लावून काय उपयोग? तो आकडाच वाढवून सांगितलेला असेल तर १५ टक्के खाली जाऊनही महाग पडेल. आणि रास्त असेल तर ९० ऐकून मालक फोन घेणं बंद करतील. स्वतः राहत असलेलं घर विकणाऱ्याला कारण न देता खूप खालचा आकडा सांगणं म्हणजे त्याच्या घराला नाव ठेवणं.

आकडा कमी असला तरी चालतो, त्याला कारण हवं. "तुमच्याच बी विंगेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अमुक महिन्यात इतक्याला नोंदला गेला आहे" हे ऐकून कुणी दुखावत नाही.

पागोळी

मुद्दा पटला. पण घासाघीस करायला जागा तर ठेवायला हवी ना?

ठाणेकरीण

हवीच. पायाचा दर ९६ लाख निघाला तर ९३-९४ पासून सुरुवात करा. आणि आपला शेवटचा आकडा आधी घरी बसून कागदावर लिहून ठेवा. समोर चहा आल्यावर तो ठरवायचा नाही.

हप्ता_पाच_तारीख

शेवटचा आकडा ठरवताना बहुतेकजण फक्त किंमत बघतात. पूर्ण खर्च मांडा. ९८ लाखांचं उदाहरण घेते.

पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के: ६ लाख ८६ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. एजंट १ टक्का धरला तर ९८,०००, त्याची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य (सभासदत्व नव्या नावावर करायची रक्कम) कमाल २५,०००. म्हणजे किमतीवर सव्वाआठ लाखांहून जास्त. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी.

आता कर्ज. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्के मर्यादा आहे, ७५ च्या वरच्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक आणि नोंदणी या मूल्यात धरत नाहीत. ९८ लाखांच्या घराला म्हणून ७५ लाखच मिळतील. स्वतःचे २३ लाख अधिक वरचे ८.४, म्हणजे साधारण साडेएकतीस लाख रोकड तयार हवी.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते पुढच्या पायरीवर. बँक स्वतःचा मूल्यांकक पाठवते, आणि करारातली किंमत व त्याचं मूल्यांकन यात जे कमी त्यावर कर्ज देते. त्याने ८८ लाख लावले तर ८० टक्क्यांनी ७०.४ लाख. साडेचार लाख ऐनवेळी कुठून आणणार? म्हणून पूर्वमंजुरी असली तरी ती तुमच्या उत्पन्नाची असते, या फ्लॅटची नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

ओसरी

मुद्रांकात सूट राहिली. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी, म्हणजे पुण्यात ६. ९८ लाखांवर ९८,००० वाचतात.

मुद्रांक

@ओसरी, बरोबर. एक पुरवणी: सगळे खरेदीदार स्त्रियाच हव्यात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सूट नाही. आणि नवऱ्याचं नाव मालकीत नसेल तर कर्जाचा हप्ता त्याने भरला तरी व्याजाची करवजावट त्याला मिळत नाही. दोन्हींचा हिशेब मांडून ठरवा. मुंबईकरांसाठी: तिथे एकूण ६ टक्के, सूट धरून ५.

टेम्सकाठ

इकडे इंग्लंडमध्ये ऑफर एजंटमार्फत लेखी जाते, मालक 'मान्य' म्हणतो, तरीही करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतं. मधे कुणी जास्त आकडा दिला तर मालक तिकडे वळतो. म्हणून ऑफर मान्य होताच "आता जाहिरात उतरवा, कुणाला घर दाखवू नका" ही अट घालायचा रिवाज आहे. आपल्याकडे विसार पावतीत, म्हणजे टोकनच्या कागदात, असं काही लिहितात का?

साक्षांकित

लिहितात, लिहायलाच हवं. विसार पावतीवर सविस्तर लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा तो भाग अजून कुणी घेतलेला नाही.

टोकन हस्तांतर करण्याआधी कागदावर सह्या. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर विसार पावती किंवा समजुतीचा करार. सही सगळ्या सहमालकांची. नवऱ्याने सही केली आणि बायको म्हणाली मला विकायचंच नाही, तर तो कागद कामाचा नाही. पैसे चेकने किंवा बँकेतून थेट मालकांच्या खात्यात. एजंटच्या खात्यात एक रुपयाही नाही.

मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक, एकूण किंमत अंकी आणि अक्षरी, हप्त्यांच्या तारखा. मग ही कलमं:

"विक्रेत्याचा हक्क निर्वेध नसल्याचे आढळल्यास, अथवा खरेदीदाराच्या बँकेने सदर मिळकतीच्या कागदपत्रांमुळे वा मूल्यांकनामुळे कर्ज नाकारल्यास अथवा कमी केल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम ७ दिवसांत परत करणेची आहे."

"सदर मुदतीत विक्रेत्याने मिळकत अन्य कोणासही दाखवू अथवा विकू नये."

पहिल्या कलमातला 'मूल्यांकनामुळे' हा शब्द मुद्दाम आहे. नुसतं 'कर्ज नाकारल्यास' लिहिलं तर बँकेने कमी कर्ज दिल्यावर मालक म्हणतील, नाकारलं कुठे? @हप्ता_पाच_तारीख यांनी सांगितलेला साडेचार लाखांचा खड्डा तुमच्या गळ्यात.

मुदत ४५ दिवस पुरते. मालक स्वतःहून मागे फिरले तर विसाराच्या दुप्पट रक्कम, असं कलम घालायची पद्धत आहे. घाला. खरेदीदार विनाकारण मागे फिरला तर विसार जप्त हेही त्यात येणार, ते मान्य करा.

गच्ची

टोकन किती? एजंट ५ लाख मागतात.

साक्षांकित

कागद तपासायच्या आधी ५१ हजार ते १ लाख. वकिलाने अहवाल दिला की मग पुढची रक्कम.

पागोळी

इथे मात्र मी वेगळं म्हणेन. दोनतीन ग्राहक रांगेत असतील तर मोठं टोकन देणाऱ्याकडे मालक झुकतात. ५१ हजार देऊन तुम्ही गंभीर आहात हे कसं कळणार?

ठाणेकरीण

गांभीर्य टोकनातूनच दिसतं असं नाही. पूर्वमंजुरीचं पत्र, वकिलाचं नाव, नोंदणीची तारीख, स्वतःचा वाटा कुठल्या दिवशी देणार, हे चार ओळींत लिहून पाठवलं तर मालकांना पाच लाखांपेक्षा जास्त खात्री वाटते. विकणाऱ्याला खरी भीती असते ती दोन महिने अडकून शेवटी व्यवहार मोडण्याची.

असा निरोप पाठवा, शब्द आपले घाला:

"नमस्कार काका. मंगळवारी आम्ही फ्लॅट पाहिला, घर आवडलं. आमची ऑफर ९४ लाख, सर्व रक्कम बँकेमार्फत. ७५ लाखांच्या कर्जाची पूर्वमंजुरी आहे, पत्र जोडलं आहे. बाकी १९ लाख स्वतःचे. विसार पावतीवर सही होताच १ लाख, वकिलांची तपासणी १० दिवसांत, करारनाम्याची नोंदणी ३० दिवसांत, उरलेला आमचा वाटा नोंदणीच्या दिवशी. ताब्याची तारीख तुमच्या सोयीने ठरवू. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, दोन गीझर आणि पंखे राहतील असं धरलं आहे. ९४ चा आधार तुमच्याच सोसायटीतले नोंदलेले व्यवहार, भेटीत दाखवतो. रविवार संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

निरोप मालकांनाच जाऊ द्या, एजंटला प्रत. एजंटला डावलायचं नाही, पण आकडा कानगोष्टींत बदलायला नको.

उंबरठा

@ठाणेकरीण, हा निरोप जसाच्या तसा उतरवून घेतला. ताब्याची तारीख सोयीने म्हणण्यात काही धोका नाही ना? मालक नवीन घर शोधत आहेत असं एजंट म्हणाला.

साक्षांकित

तारीख सैल ठेवणं हे तुमचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे, पण पूर्ण रक्कम दिल्यावर मालकांना राहू देणं धोक्याचं. राहायचंच असेल तर नोंदणीच उशिरा ठेवा. नाहीतर नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार करा, आणि ताब्याच्या हमीचा चेक मालकांकडून घेऊन वकिलाकडे ठेवा. "आमच्या वाट्यातले दोन लाख ताब्यापर्यंत रोखून धरतो" हे कर्जाच्या व्यवहारात जमत नाही, कारण बँक आधी तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते.

मुद्रांक

मालकांची तारीख करावरूनही ठरते. घर घेऊन २४ महिने झाल्यावर विकलं तर नफा दीर्घ मुदतीचा. नव्या घरात नफा गुंतवून सूट घ्यायची असेल तर नवीन घर विक्रीच्या १ वर्ष आधी ते २ वर्षं नंतर घ्यावं लागतं. ते कुठल्या टप्प्यावर आहेत हे चहा पिता पिता सहज विचारा. ज्यांना तारीख महत्त्वाची, ते तारखेसाठी किमतीत लाखभर सोडतात.

आणि ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) तुम्हीच कापून भरायचा असतो, कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत. मोबदला आणि रेकनर मूल्य यात जे जास्त त्यावर. हे ऑफरच्या वेळीच सांगा. नाहीतर "९४ म्हणाला होतात, ९३ लाख ६ हजारच आले" म्हणून शेवटच्या दिवशी वाद होतो. विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्का लागूच होत नाही, दर बराच जास्त असतो, तेव्हा विसार देण्याआधीच सीए गाठा.

वाऱ्याची_झुळूक

वाचनखूण साठवली. अवांतर विचारते: आईवडिलांपैकी मालक वारले असतील आणि मुलगा नॉमिनी म्हणून विकत असेल तर?

साक्षांकित

अवांतर अजिबात नाही. नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. भागप्रमाणपत्रावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) त्याचं नाव लागलेलं असलं तरीही. सगळ्या वारसांची नोंदलेली हक्कसोडपत्रं हवीत, किंवा सगळ्यांनी करारावर सही करायची. परदेशात असलेल्या बहिणीचं कुलमुखत्यारपत्र येणार असेल तर ते तिथे रीतसर साक्षांकित झालेलं आणि इथे आल्यावर ३ महिन्यांत मुद्रांकित केलेलं हवं. विसार याच्या आधी देऊ नका, मुलगा कितीही सज्जन असला तरी.

सायनची_सर

पुण्याबाहेरचं विचारलंत म्हणून. मुंबई-ठाण्यात बऱ्याच सोसायट्या कलेक्टरच्या जमिनीवर आहेत, तिथे हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शुल्क. नवी मुंबईत सिडको या सरकारी महामंडळाची भाडेपट्ट्याची जमीन, तिथेही हस्तांतर शुल्क लागू शकतं. ही रक्कम कोण भरणार आणि परवानगीला लागणारा वेळ ४५ दिवसांत धरायचा की नाही, हे ऑफरमध्येच लिहा. पागडीच्या जागेचा हिशेब तर पूर्ण वेगळा, त्याला हा धागा लावू नका.

मोजपट्टी

फ्लॅटच्या पाहणीबद्दल कुणी लिहिलं नाही. २००३ ची इमारत म्हणजे पाण्याचे पाइप लोखंडी असू शकतात. बाथरूमच्या मागच्या भिंतीला, म्हणजे बेडरूमच्या कपाटाच्या आत, तळहात लावा. रंग फुगलेला, पापुद्रे, पांढरी भुकटी दिसली की ओल. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छतही बघू द्या म्हणून विनंती करा, तुमच्या वॉटरप्रूफिंगचं खरं प्रमाणपत्र तिथे असतं. सकाळी सात वाजता एक चक्कर मारा, पाण्याचा दाब आणि टँकर दोन्ही कळतात.

कार्पेट स्वतः मोजा. लेझरचं मीटर नसेल तर साधी टेप, भिंतीच्या प्लॅस्टरपासून प्लॅस्टरपर्यंत, खोली खोली. ६४० म्हणून ६१२ निघाले तर दर तोच ठेवून किंमत आपोआप खाली येते, आणि त्यावर कुणी भांडू शकत नाही.

दुरुस्तीचा खर्च प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाल्याकडून लिहून घ्या. "घर जुनं आहे" म्हणून दोन लाख मागितले तर मिळत नाहीत. "दोन्ही बाथरूमचं खोदून काम, १ लाख ६० हजारांचं हे कोटेशन" म्हटलं तर निम्मे तरी मिळतात.

ओसरी

सोसायटीचंही बघा. सचिवांना चार प्रश्न: भोगवटापत्र (इमारत वापरायची मनपाची परवानगी) आहे का, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं का, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का. सर्वसाधारण सभेचं शेवटचं इतिवृत्त मालकांकडून मागून वाचा. प्रत्येक फ्लॅटमागे दीड लाखाची वर्गणी मंजूर झाली असेल तर ती कुणी भरायची हा किमतीचाच भाग.

पार्किंगबद्दल सावध. स्टिल्ट (इमारतीखालचं खांबांमधलं) किंवा मोकळं पार्किंग बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ते सोसायटीचं असतं, फ्लॅटबरोबर आपोआप येत नाही. "एक झाकलेलं पार्किंग" असं एजंटने म्हणणं पुरेसं नाही, हस्तांतरानंतर तेच पार्किंग नव्या सभासदाला राहील असं सोसायटीचं पत्र घ्या. ते मिळत नसेल तर ऑफर पार्किंगशिवायची द्या.

आणि हस्तांतरासाठी २५,००० च्या वर 'देणगी' कुणी मागितली तर ठामपणे नाही म्हणा, मर्यादा सरकारनेच घातलेली आहे.

हप्ता_पाच_तारीख

मालकांवर कर्ज बाकी असेल तर विसाराआधीच बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं) आणि मूळ कागदांची यादी मागा. यादीत बिल्डरचा मूळ नोंदलेला करार, पावत्या, भागप्रमाणपत्र आहे का ते बघा. मधला एखादा करार गहाळ असेल तर पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातली नोटीस यांत तीनचार आठवडे जातात. तुमची बँक आधी त्यांच्या कर्जखात्यात पैसे भरते, उरलेले मालकांना. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचं बँकांवर बंधन आहे, उशिराला दिवसाला ५,००० रुपये. तरी आपल्या वेळापत्रकात पूर्ण ३० दिवस धरा.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. इंडेक्स टू काढले. त्याच सोसायटीतले मागच्या दीड वर्षातले तीन व्यवहार मिळाले, दोन कर्जाचे दिसतात. कार्पेटच्या दराने आपल्या फ्लॅटला ९५ ते ९७ लाख येतात. मोजणीत ६३१ भरले. रेकनर त्याच्या बरंच खाली आहे. ठरवलं: सुरुवात ९४, शेवट ९८. समजा त्यांनी १ कोटी १ लाख म्हटलं, तर पुढची पायरी कशी टाकायची?

ठाणेकरीण

पायऱ्या लहान होत गेल्या पाहिजेत. ९४ नंतर ९६, मग ९७, मग ९७.७५. समोरच्याला न सांगताही कळतं की आता तळ जवळ आला. एकेक लाखाने तीनदा वर गेलात तर चौथा लाखही निघेल असं वाटतं. आणि प्रत्येक वेळी वर जाताना काहीतरी मागा: ९६ ला ट्रॉल्या आणि एसी, ९७ ला हस्तांतर अधिमूल्य त्यांनी भरावं. एकदा आकडा दिला की दुसऱ्या दिवसापर्यंत फोन करू नका.

मोजपट्टी

९८ आणि ९९ वर गाडी अडली तर आकडा सोडून तारखेवर बोला. "नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत नोंदणी दोन महिने पुढे नेतो" हे त्यांना भाड्याचं घर आणि दोनदा सामान हलवणं वाचवतं. त्यावरही जुळलं नाही तर ९८ ची ऑफर लेखी ठेवून, "पंधरा दिवस ही कायम आहे" सांगून नमस्कार करून उठा. पुष्कळ फोन त्या पंधरा दिवसांत येतात.

साक्षांकित

फोन आला की त्याच दिवशी विसार पावती, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस. वकिलाला आधीच मसुदा करून ठेवायला सांगा, फक्त आकडा आणि तारीख कोरी.

ओसरी

आणि ताबा पावतीवर वीजमीटरचं आणि गॅसमीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि मिळकतकराची शेवटची पावती लिहून घ्या. पुणे मनपाच्या करात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे, त्यासाठीचा पीटी-३ अर्ज नाव बदलतानाच देऊन टाका.